१९६९ च्या कॅमारोत एलएस३ इंजिन: प्रकल्प नोंदी

८ मार्च २०२५

गाडी: शेवरले कॅमारो, १९६९, दोन दारांची कूपे. ठिकाण: मिशिगन, डेट्रॉइटच्या पश्चिमेला. चासी क्रमांकाची सुरुवात १२४३७९एन. यातला १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो (सहा सिलिंडरच्या गाडीला २३), ३७ म्हणजे कूपे बॉडी, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना.

जुनं इंजिन उतरवण्याआधी एक तपासणी सोडायची नाही. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते. १९६९ च्या गाडीत तिथे चासी क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. तो जुळला तर इंजिन कारखान्यातून आलेलं मूळ इंजिन. तशा गाडीत आम्ही नवं इंजिन बसवायला घेत नाही. मालकाचा आग्रहच असेल तर मूळ इंजिन तेल भरून, तोंडं बंद करून, गाडीसोबत जपून ठेवायला सांगतो. कारण गाडीची किंमत त्या आकड्यात असते आणि ती एकदा गेली की परत येत नाही. या गाडीत क्रमांक जुळत नाही. मूळ ३०७ घनइंची इंजिन केव्हाच गेलं आहे आणि आत्ता आहे ते नंतरच्या काळातलं ३५० आहे. हात घालायला हरकत नाही.

नोंदींमधली मापं: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डावी-उजवी बाजू ड्रायव्हरच्या सीटवर बसून. ही अमेरिकन गाडी, तेव्हा ड्रायव्हर डावीकडे.

१५ मार्च

इंजिन कोणतं, यावर आज शिक्का. शेवरले परफॉर्मन्सचं एलएस३ क्रेट इंजिन, म्हणजे कारखान्यातून पूर्ण तयार होऊन पेटीत येणारं: ३७६ घनइंच म्हणजे ६.२ लिटर, ५,९०० आरपीएमला ४३० हॉर्सपॉवर, ४,६०० ला ४२५ पाउंड-फूट टॉर्क, कॉम्प्रेशन १०.७ ला १. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा सुमारे ५० किलो हलकं. मूळ ३०७ च्या माहितीपत्रकात २०० हॉर्सपॉवर लिहिलेले असले तरी ते ग्रॉस आहेत, म्हणजे सायलेन्सर, फॅन, अल्टरनेटर काहीही न जोडता बेंचवर मोजलेले. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या नेट आकडे देऊ लागल्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

बाकीचे पर्याय का नकोत? झेडझेड६ (३५० घनइंच, ४०५ हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटर) जुन्याच फाउंडेशनवर (इंजिन गाडीला धरणाऱ्या आधारांवर) बसतं, काम निम्मं होतं. पण या गाडीत फ्युएल इंजेक्शन हवं आहे. एलटी१ नवीन आणि जास्त ताकदीचं, पण त्यात डायरेक्ट इंजेक्शन आहे. कॅमवर चालणारा हाय-प्रेशर पंप आणि त्याला लागणारी पेट्रोलची व्यवस्था यांनी काम वाढतं. रस्त्यावर चालवायच्या गाडीला एलएस३ पुरून उरतं.

फोर्डवाल्यांसाठी: कोयोट ५.० उत्तम इंजिन आहे, पण चार ओव्हरहेड कॅममुळे फार रुंद. १९६५ ते १९७० च्या मस्टँगमध्ये शॉक टॉवर कापल्याशिवाय नीट बसत नाही. मोपार, म्हणजे क्रायस्लर घराण्यातल्या गाड्यांत ३९२ हेमी क्रेट ४८५ हॉर्सपॉवर देतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. ७०७ हॉर्सपॉवरचं हेलक्रेट घ्यायचं असेल तर आधी मागचा अ‍ॅक्सल, मग ब्रेक आणि शेवटी इंजिन, असा खर्चाचा क्रम लावा.

गिअरबॉक्स: ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स, पाच गिअर, पहिला २.८७, पाचवा ०.६८, क्षमता ६०० पाउंड-फूट. त्यांच्याच टी-५६ मॅग्नमला सहा गिअर मिळतात, पण या बॉडीत त्यासाठी मधला बोगदा कापून उंच करावा लागतो. टीकेएक्स जवळपास मूळ पत्र्यातच बसतो. शिवाय त्याला केबलच्या स्पीडोमीटरची जागा आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर दोन्ही आहेत. मूळ मीटर चालू राहतो.

महाराष्ट्रातून हे वाचणारे आरटीओचं विचारतील. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, त्यामुळे तिथल्या १९६९ च्या गाडीची या बाबतीत सुटका होते.

२२ मार्च

जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उतरवले. उतरवण्याआधी घेतलेली मापं: चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची (चारही), गिअरबॉक्सच्या शेपटाचा कोन, पिनियनचा (मागच्या अ‍ॅक्सलचं टोक, जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो) कोन, आणि फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बेलहाउसिंगपर्यंतचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं घर) अंतर. गाडी चाकांवर उभी असतानाच ही मापं घ्यायची. घोड्यांवर (स्टँडवर) चढवली की मागचा अ‍ॅक्सल लोंबतो आणि कोनाला काही अर्थ राहत नाही.

इंजिनाची खोली धुऊन गंज पाहिला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पुढच्या सबफ्रेमचे (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी चौकट) बॉडीला जोडणारे बोल्ट आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा टोकदार हत्याराने टोचून पाहिला. पत्रा निरोगी आहे. सबफ्रेमचे रबर बुश मात्र चिरडलेले होते, ते सगळे बदलले. बुश चिरडले की सबफ्रेम बॉडीच्या जवळ सरकते, म्हणून इंजिनाची जागा ठरवण्याआधीच हे काम उरकायचं.

आजच दोन वेगळे ट्रे ठेवले. गाडी इंची आट्यांची, इंजिन मेट्रिक आट्यांचं. ३/८-१६ चा बोल्ट एम१० × १.५ च्या भोकात हाताने दोन-तीन आटे सहज जातो. थोडा सैल वाटतो एवढंच. पुढे पाना लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे घेऊनच बाहेर येतो. नव्या ब्लॉकला जाणारा प्रत्येक बोल्ट आधी आट्याच्या गेजवर तपासायचा.

२९ मार्च

सुटे भाग कसे निवडायचे हे इथे सविस्तर लिहितो, कारण असे सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच अडकतात. इंजिन स्वतः काही त्रास देत नाही. ते कारखान्यातून जुळून, तपासून आलेलं असतं. सगळा त्रास इंजिन आणि गाडी जिथे भेटतात त्या जागी होतो. एलएसच्या ब्लॉकला दोन्ही बाजूंना चार-चार बोल्टचं फाउंडेशन आहे, जुन्या स्मॉल ब्लॉकला तीन-तीन. मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. बाजारातल्या काही प्लेट इंजिनाला मूळ जागी ठेवतात, काही एक इंच मागे नेतात, काही त्याहून वेगळं करतात. ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर (आडवा आधार) हे तिन्ही त्या जागेवर अवलंबून असतात. म्हणून प्लेट, चेंबर, हेडर आणि क्रॉसमेंबर एकाच कंपनीच्या एकाच संचातले घ्यावेत. एकाची प्लेट आणि दुसऱ्याचे हेडर घेतले की हेडरची नळी स्टिअरिंगच्या दांड्याला लागते. मग माणूस नळी ठोकून चेपवतो. आम्ही होली कंपनीचा संच घेतला आहे.

रबरी फाउंडेशन मात्र एकमेकांत अडकणाऱ्या प्रकारचं घ्या. मूळ फाउंडेशनमध्ये रबर फक्त दोन पत्र्यांना चिकटवलेलं असायचं. ते तुटलं की जोर लावताच इंजिनाची डावी बाजू वर उचलायची, थ्रॉटल उघडा अडकायचा. १९७१ च्या अखेरीस जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेवरले याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. आता थ्रॉटल केबलने ओढला जात नाही, इलेक्ट्रॉनिक आहे, पण फाउंडेशन तुटलं की इंजिन वर उचलणार ते उचलणारच.

५ एप्रिल

ऑइल चेंबर. क्रेट इंजिनासोबत येणारा चेंबर या सबफ्रेमवर बसत नाही, त्याचा खोल भाग क्रॉसमेंबरवर आदळतो. पहिल्या पिढीच्या कॅमारोत स्टिअरिंगचं सेंटर लिंक (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा आडवा दांडा) क्रॉसमेंबरच्या मागून, चेंबरच्या खालून जातं. त्यामुळे चेंबर पुढेही उथळ हवा आणि लिंकच्या वरही.

काम इंजिन स्टँडवर उलटं ठेवून केलं. जुना चेंबर आणि सक्शन पाइप काढला. नवा पाइप ऑइल पंपात बसतो तिथे एक ओ-रिंग असते. ती नवीच घ्यायची, तेल लावून पाइप हाताने सरळ आत ढकलायचा आणि मगच एम६ बोल्ट १२ न्यूटन-मीटरला आवळायचा. बोल्टने पाइप ओढून बसवला की तो तिरका जातो, रिंग एका बाजूला चिमटते. नंतर पंप तेलासोबत हवा ओढतो. गेजवर दाब कमी दिसतो, टॅपेट वाजतात आणि लोक पंपाला दोष देत बसतात.

पुढचं आणि मागचं कव्हर ब्लॉकला भेटतं त्या चारही कोपऱ्यांत सीलंटचा ठिपका द्यायचा, गॅस्केटवर इतरत्र काही नाही. चेंबरचा मागचा काठ बेलहाउसिंगला बोल्टने जोडला जातो, म्हणून तो ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागाशी समतल हवा. सरळपट्टी लावून फीलर गेजने तपासायचं: चेंबर ०.२५ मिलिमीटरपर्यंत आत असला तर चालतो, बाहेर अजिबात नको. बाहेर असेल आणि बेलहाउसिंग आवळली तर चेंबरचा कान तुटतो. आमचा ०.१० आत. एम८ बोल्ट २५ न्यूटन-मीटर, मागचे लांब एम६ बोल्ट १२.

१२ एप्रिल

क्लच बसवायच्या आधी बेलहाउसिंगचं केंद्र तपासलं. बहुतेक जण हे टाळतात आणि मग नव्या गिअरबॉक्सला नावं ठेवतात. फ्लायव्हील बसवलं (बोल्ट तीन टप्प्यांत २०, ५०, १०० न्यूटन-मीटर, क्रॉस क्रमाने). बेलहाउसिंग ब्लॉकला ५० न्यूटन-मीटरला आवळली. एलएसच्या ब्लॉकवर जुन्या शेवरलेचाच बोल्ट-नकाशा आहे, फक्त वरचं एक भोक कमी. ते रिकामं राहणारच. डायल गेजचा चुंबक फ्लायव्हीलला आणि सुई बेलहाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला. क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवला.

रीडिंग: एकूण १३ थाऊ. ट्रेमेकची मर्यादा ५. डायलवर दिसतो तो फरक केंद्राच्या चुकीच्या दुप्पट असतो, म्हणजे भोक खरं सरकलं आहे साडेसहा थाऊने. ऑफसेट डॉवेल (बेलहाउसिंगला जागेवर धरणाऱ्या, केंद्र सरकवलेल्या पिना) ७, १४ आणि २१ थाऊचे मिळतात. ७ चे घेतले, दोन्हींची दिशा सारखी ठेवून बसवले, पुन्हा मोजलं: ३ थाऊ. मग डॉवेल पक्के केले. १३ थाऊवर गाडी चालली असती, पण गिअर वरच्या आरपीएमला अडकले असते, पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं) लवकर गेलं असतं आणि शाफ्टचं सील गळायला लागलं असतं.

पायलट बेअरिंगला एलएसच्या क्रँकमध्ये दोन जागा असतात, आत एक छोटी आणि बाहेर एक मोठी. कोणती वापरायची हे बेलहाउसिंगच्या खोलीवर ठरतं. गिअरबॉक्स सुकाच लावून शाफ्टचं टोक बेअरिंगमध्ये पूर्ण पोचतं का ते मोजलं. इथे बाहेरची मोठी जागा लागली.

१९ एप्रिल

क्लच हायड्रॉलिक. जुन्या गाडीत क्लचची दांडी ज्या गोळ्यावर फिरते तो एलएसच्या ब्लॉकवर नसतो, आणि हेडरही तिच्या वाटेत येतात. म्हणून पेडलला ३/४ इंची मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सच्या नाकावर हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग.

रिलीज बेअरिंगची फट मोजूनच ठेवायची. बेलहाउसिंगच्या मागच्या तोंडापासून क्लचच्या बोटांपर्यंतचं अंतर २.९६५ इंच. गिअरबॉक्सच्या तोंडापासून पूर्ण दाबलेल्या बेअरिंगच्या तोंडापर्यंत २.७२० इंच. फरक २४५ थाऊ. या बेअरिंगला १५० ते २०० हवी, म्हणून ६० थाऊची शिम (पातळ चकती) टाकली, फट १८५. फट कमी राहिली तर क्लच प्लेट झिजताना बोटं मागे येतात, बेअरिंगला टेकतात आणि क्लच घसरू लागतो. जास्त राहिली तर पिस्टन हद्दीबाहेर ढकलला जाऊन सील फाटतं. दोन्ही वेळी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

२६ एप्रिल

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, नाक वर-शेपूट खाली करून आत सोडले. कॉइल आणि त्यांचे ब्रॅकेट आधीच काढून ठेवले होते, नाहीतर हीटरच्या डब्यावर घासले असते. फाउंडेशनचे बोल्ट सैलच ठेवले. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं.

पूर्ण उजवीकडे वळवल्यावर सेंटर लिंक आणि चेंबर यांच्यात जेमतेम एक सूत राहतो. उभ्या गाडीत हे पुरेसं वाटतं, पण रबरावर बसलेलं इंजिन जोर लावताच हलतं. निदान दोन सूत हवेत. फाउंडेशनखाली दोन्ही बाजूंना पाव इंची स्पेसर टाकले, आता तीन सूत आहेत. बॉनेट बंद करून इनटेकवर ठेवलेल्या मॉडेलिंग क्लेचा ठसा पाहिला, वर भरपूर जागा आहे.

पण पुढून पाव इंच वर म्हणजे कोन बदलला. फाउंडेशन ते गिअरबॉक्सचा आधार हे अंतर ३८ इंच. ०.२५ भागिले ३८, म्हणजे साधारण ०.४ अंश. शेपटाचा उतार ३.० वरून ३.४ अंश झाला. हे मागे पिनियनला भरून काढायचं.

३ मे

प्रोपेलर शाफ्ट. गाडी चाकांवर, टाकी अर्धी. गिअरबॉक्स ३.४ अंश खाली, शाफ्टचा मागे उतार १.० अंश, पिनियनचं नाक ०.५ अंश वर. पुढच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट) कामाचा कोन २.४, मागच्यावर उलट्या बाजूने ०.५. असं ठेवलं तर तासाला साठ मैलांवर सीटखाली थरथर येणार. लीफ स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलच्या मधे २ अंशांची पाचर टाकली, पिनियन २.५ अंश वर. आता पुढचा कोन २.४, मागचा १.५. दोन्ही १ ते ३ च्या आत, फरक ०.९. हा फरक मुद्दाम ठेवला आहे. लीफ स्प्रिंगवरचा अ‍ॅक्सल जोर लावताच नाक वर उचलतो आणि फरक आपोआप मिटतो.

शाफ्टची लांबी मोजताना योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकलून एक इंच बाहेर ओढला आणि तिथून माप घेतलं. टीकेएक्सच्या योकला ३१ स्प्लाइन (खाचा) लागतात, जुना योक निरुपयोगी.

मागचा अ‍ॅक्सल मूळ ८.२ इंची दहा-बोल्टचा होता. ४३० हॉर्सपॉवर आणि चिकट टायर त्याला झेपत नाहीत. बारा-बोल्टचा अ‍ॅक्सल आणि एका पात्याच्या जागी अनेक पात्यांच्या लीफ स्प्रिंग आधीच बसवल्या आहेत. पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेकही. ब्रेकचं काम इंजिन सुरू होण्याआधी पूर्ण झालेलं असावं, यावर आम्ही तडजोड करत नाही.

१० मे

पेट्रोल. जुन्या यांत्रिक पंपाचा दाब सहा-सात पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असे, एलएस३ ला ५८ लागतो. आत अडथळे आणि पंप असलेली नवी टाकी, पंप ताशी २५५ लिटरचा. हिशेब: ४३० हॉर्सपॉवरला ताशी सुमारे २१५ पाउंड पेट्रोल, म्हणजे १३० लिटरच्या आसपास. ५८ पीएसआयला पंपाचा प्रवाह काहीसा घटतो तरी पुरतो. उगीच मोठा पंप घेतला तर पेट्रोल टाकीत गरगरत राहून तापतं.

टाकीजवळ सी५ कॉर्व्हेटचा (शेवरलेचीच स्पोर्ट्स कार) फिल्टर, ज्यात ५८ पीएसआयचा रेग्युलेटर असतो. तीन तोंडं: एक पंपाकडून, एक टाकीकडे परत, एक इंजिनाकडे. रबरी पाइप जिथे आहे तिथे इंजेक्शनच्या दाबाचाच. कार्ब्युरेटरचा पाइप दिसायला तसाच असतो आणि फुटतो.

टाकीतला काट्याचा सेन्सर मागवताना ० ते ९० ओहम सांगा. मूळ मीटर तोच वाचतो. दुसरा बसवला तर भरलेली टाकी रिकामी दिसेल.

१७ मे

कूलिंग. एलएसच्या पाणीपंपाची दोन्ही मोठी तोंडं उजवीकडे आहेत आणि थर्मोस्टॅट पाणी आत येतं त्या बाजूला. दोन्ही हेडच्या पुढच्या टोकाकडून येणारी वाफेची बारीक नळी रेडिएटरच्या वरच्या भागात जोडली. ही नळी बूच मारून बंद केलेली अनेक गाड्यांत दिसते. मग हेडमध्ये वाफ कोंडते, काटा वर-खाली उड्या मारतो आणि शेवटी गॅस्केट जातं.

अल्टरनेटर आणि एसी कंप्रेसरचे ब्रॅकेट: ट्रक, चौथ्या पिढीची कॅमारो आणि कॉर्व्हेट, प्रत्येकात बेल्टची रेषा ब्लॉकपासून वेगळ्या अंतरावर असते. क्रँकच्या पुलीचं अंतर मोजून त्याच रेषेचा संच घ्यायचा. कंप्रेसर एलएसच्या मूळ जागी, खाली उजवीकडे ठेवला तर सबफ्रेम कापावी लागते. आम्ही तो वरच्या ब्रॅकेटवर नेला. सबफ्रेमला करवत लावलेली नाही.

२४ मे

वायरिंग. कंट्रोलरला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) दोन पुरवठे लागतात, एक कायमचा बॅटरीतून आणि एक चावीतून. चावीचा पुरवठा स्टार्टर फिरतानाही चालू राहिला पाहिजे. १९६९ च्या गाडीत एक फसवी वायर आहे: मूळ इग्निशन कॉइलला जाणारी. ती कापडी वेष्टनाची रेझिस्टन्स वायर आहे. सगळ्यात हाताशी असते म्हणून लोक तीच कंट्रोलरला देतात. मीटरवर भार नसताना बारा व्होल्ट दिसतात, भार आला की उतरतात, आणि इंजिन कधी सुरू होतं कधी नाही. ती वायर बंद करून ठेवली. चावीच्या स्विचवरून नवी वायर काढून रिले लावला.

अर्थिंग तीन ठिकाणी: बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते सबफ्रेम, हेडच्या मागून फायरवॉलला. रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर. सबफ्रेम आणि बॉडीच्या मधे रबर बुश आहेत, त्यामुळे एकीला अर्थिंग दिलं म्हणून दुसरीला मिळत नाही.

मूळ अल्टरनेटरची मुख्य वायर नव्या अल्टरनेटरला बारीक पडते. नवी जाड वायर थेट बॅटरीकडे, फ्यूजसह. ऑक्सिजन सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर तोंड करून, नाहीतर पाइपातलं पाणी त्यात साठून तो तडकतो. हवा मोजणारा सेन्सर चार इंची सरळ नळीच्या मध्यावर, थ्रॉटलपासून दहा इंचांवर. या गाडीत रेडिएटरच्या मागे जागा कमी असल्यामुळे तो वळणाला चिकटून बसला आहे. चालवून बघू.

३१ मे

पहिली सुरुवात. कॉइल आणि इंजेक्टरचे फ्यूज काढून फक्त स्टार्टरवर फिरवलं, दहा-दहा सेकंद, मधे स्टार्टर थंड होऊ देत. गेजवर तेलाचा दाब आल्यावरच फ्यूज परत. पेट्रोलचा पंप चावीने दोन-तीन वेळा चालवून इंजिनाकडच्या टोकाला गेज पाहिला: ५८. प्रत्येक जोड हाताने पुसून पाहिला, ओल नाही.

लगेच सुरू झालं. याला रोलर टॅपेट आहेत, जुन्या सपाट टॅपेटसारखं २,००० आरपीएमवर वीस मिनिटं धरून ठेवायची गरज नाही. गरम झाल्यावर तेलाचा दाब जनरल मोटर्सच्या किमान आकड्यांच्या बराच वर (१,००० ला ६ पीएसआय, २,००० ला १८, ४,००० ला २४). पंपाच्या टोकाला व्होल्टेज मोजलं, बॅटरीपेक्षा ०.३ कमी. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

रेडिएटर भरताना गाडीचं नाक वर उचललं आणि हीटर उघडा ठेवला. तरी थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी खाली गेली, पुन्हा भरलं.

७ जून

रस्त्यावर. थरथर नाही. क्लच नीट सुटतो, वरच्या आरपीएमला तिसरा गिअर अडत नाही. पुढचं नाक मात्र अर्ध्या इंचाने वर आलं आहे, इंजिन हलकं असल्यामुळे. पुढच्या स्प्रिंग अ‍ॅल्युमिनियम इंजिनाच्या वजनाच्या घेतल्या. उंची मूळ मापावर आल्यावर कोन पुन्हा मोजले, ते जागेवरच आहेत.

एक दोष: सिग्नलला उभं राहिलं की आयडल (पाय न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) ६०० ते ९०० आरपीएममधे हेलकावतं. आधी व्हॅक्यूम गळती शोधली. ब्रेक बूस्टरची नळी चिमटली, फरक नाही. इनटेकच्या कडेने धूर सोडला, कुठे आत जात नाही. लॅपटॉपवर हवेच्या सेन्सरचं रीडिंग स्थिर आयडललाही नाचत होतं. वळणातून येणारी हवा नळीच्या एका बाजूला दाटते आणि सेन्सर कधी कमी कधी जास्त मोजतो. नळी उजव्या फेंडरच्या आत वळवली, सरळ भाग लांब झाला, सेन्सर त्याच्या मध्यावर आला. हेलकावे गेले.

१४ जून

हेडरचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा १५ आणि मग २५ न्यूटन-मीटर. चार बोल्ट थोडे सैल झाले होते, गॅस्केट बसल्यावर असं होतंच. फाउंडेशन, क्रॉसमेंबर आणि शाफ्टचे बोल्ट आवळून रंगाच्या रेघा मारल्या, पुढच्या वेळी हलले तर दिसतील. सेंटर लिंकवर घासल्याची खूण नाही. चेंबरच्या मागच्या काठाला बोट फिरवलं, कोरडा आहे.

मालकाला दिलेला कागद: पहिल्या ५०० मैलांनंतर तेल आणि फिल्टर बदला, तेल ५डब्ल्यू-३०. फिल्टर कापून आत चमकदार कण आहेत का पाहा. त्याच वेळी हेडरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. पेट्रोलचा फिल्टर बदलताना आधी पंपाचा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नळीत ५८ पीएसआय असतात. कागदासोबत पाचरीचा कोन, डॉवेलचं माप, शिमची जाडी आणि स्पेसरची उंची लिहून दिली आहे. पुढे कुणी गिअरबॉक्स उतरवला तर त्याला हे आकडे लागतील.